संग्राह्य बाहुल्यांमध्ये सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या बाहुल्या इतक्या कमी का असतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. संग्रहासाठी विकल्या जाणाऱ्या बाहुल्यांमध्ये (बार्बीच्या विशेष आवृत्त्या, मोठ्या डोक्याची ब्लाइथ, रेझिन या कठीण प्लॅस्टिकच्या, गोल सांध्यांवर वळणाऱ्या बॉल-जॉइंटेड बाहुल्या इत्यादी) सावळा आणि गडद वर्ण इतका दुर्मीळ का, ही पहिली; आणि 'अशा बाहुल्या विकल्याच जात नाहीत' हे नेहमीचे उत्तर कितपत खरे, ही दुसरी. मी बरीच वर्षे बाहुल्या जमवते आहे. त्या अनुभवावरून आणि या उद्योगाचा जो इतिहास वाचनात आला त्यावरून माझे मत असे झाले आहे, की गडद बाहुलीची विक्री ज्या अटींवर अजमावली जाते त्याच मुळात सदोष असतात. चेहरा गोऱ्या बाहुलीसाठी घडवलेला असतो, मालिकाही तिच्याच भोवती आखलेली असते, आणि शेवटी उरलेल्या जागेत थोड्या संख्येने एक गडद आवृत्ती काढली जाते. ती कमी खपली की तो आकडा पुढच्या वर्षीच्या बैठकीत पुरावा म्हणून मांडला जातो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आणि चांगले जुने आहे. मॅटेल कंपनीने १९५९ मध्ये बार्बी बाजारात आणली आणि १९६६ मध्ये तिची नात्यातली धाकटी बहीण म्हणून फ्रान्सी आणली. १९६७ मध्ये त्याच फ्रान्सीच्या साच्यात गडद तपकिरी प्लॅस्टिक ओतून 'कलर्ड फ्रान्सी' या नावाने एक बाहुली काढण्यात आली. नाक, ओठ, गालांची ठेवण, सगळे मूळच्या गोऱ्या फ्रान्सीचेच होते. बदलला होता तो केवळ रंग. शिवाय नागरी हक्कांच्या चळवळीच्या त्या काळात 'कलर्ड' हा कृष्णवर्णीयांसाठीचा जुना शब्दही अनेकांना खटकू लागला होता. बाहुली फारशी खपली नाही. एवढ्यावर कंपनी थांबली असती, तर 'आम्ही करून पाहिले, पण मागणी नव्हती' असे म्हणण्याची तिची सोय झाली असती. परंतु १९६८ मध्ये मॅटेलनेच ख्रिस्ती आणली. तिला स्वतःचे नाव होते आणि बार्बीची मैत्रीण म्हणून स्वतःची ओळख होती, आणि ही ख्रिस्ती पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या रूपांत निघत राहिली. पाठोपाठ १९६९ मध्ये दूरचित्रवाणीवर परिचारिकेची भूमिका करणाऱ्या डायॅन कॅरल यांच्यावर बेतलेली ज्युलिया आली. कंपनी तीच, ग्राहक तेच आणि मध्ये गेलेला काळ एक-दोन वर्षांचा. आज मात्र जुन्या बार्बी जमवणाऱ्यांमध्ये त्या न खपलेल्या फ्रान्सीलाच मोठी किंमत येते, कारण ती शिल्लक फार थोडी आहे.

चेहराच मुळापासून घडवायचा, हा विचार त्याआधीही झाला होता. फ्लोरिडातील सारा ली क्रीच या गोऱ्या महिलेच्या पुढाकाराने आयडियल या कंपनीने १९५१ मध्ये 'सारा ली' ही कृष्णवर्णीय बाळबाहुली काढली. अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आणि लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी तिचा पुरस्कार केला होता. तरीही काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. अधिक टिकाऊ काम झाले ते लॉस एंजेलिसमध्ये. तेथील वॉट्स भागात १९६५ मध्ये उसळलेल्या दंगलीनंतर उभ्या राहिलेल्या 'ऑपरेशन बूटस्ट्रॅप' या संस्थेतून, लुई स्मिथ आणि रॉबर्ट हॉल यांच्या नेतृत्वाखाली, १९६८ मध्ये शिंदाना टॉइज ही कंपनी निघाली. मॅटेलने तिला भांडवल व तांत्रिक साहाय्य दिले. मालकी मात्र कृष्णवर्णीय समाजाकडेच राहिली. त्यांची पहिली बाहुली 'बेबी नॅन्सी'. तिचा चेहरा कृष्णवर्णीय बाळाचाच होता आणि केस आखूड, दाट व कुरळे होते. ती चांगली खपली, कंपनी १९८३ पर्यंत चालली आणि २०२० मध्ये रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयाच्या 'नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम'मध्ये बेबी नॅन्सीचा समावेश झाला. 'मागणी नाही' असे कोणी म्हणाले की मला पहिल्यांदा शिंदानाची आठवण होते.

बार्बी हेच नाव धारण करणारी कृष्णवर्णीय बाहुली यायला मात्र १९८० साल उजाडावे लागले. किटी ब्लॅक पर्किन्स या कृष्णवर्णीय अभिकल्पकाराने ती घडवली. लाल पोशाख, आखूड कुरळे केस. तोवर मूळ बार्बीला एकवीस वर्षे झाली होती. संग्राहकांच्या दृष्टीने याहून अधिक सांगण्यासारखी गोष्ट नाताळच्या विशेष बार्बींची आहे. ही मालिका १९८८ मध्ये सुरू झाली आणि तिची कृष्णवर्णीय आवृत्ती १९९० पासून निघू लागली. म्हणजे जी बाहुली पेटीतून न काढता जपून ठेवण्यासाठीच विकत घेतली जाते, तिच्या पहिल्या दोन वर्षांच्या संग्रहात गडद वर्णाला स्थानच नाही. आज कोणी ती मालिका पूर्ण करू म्हणेल तर तिच्या आरंभी गोऱ्याच बाहुल्या उभ्या राहणार. ही उणीव कितीही पैसे खर्चून भरून निघत नाही. १९९१ मध्ये आलेली 'शानी' मालिका मला आजही मॅटेलने या दिशेने केलेला सर्वांत विचारपूर्वक प्रयत्न वाटतो, कारण तीत शानी, आशा आणि निशेल या तीन मैत्रिणींचे वर्ण तीन निरनिराळ्या छटांचे होते. 'एक गडद बाहुली काढली म्हणजे झाले' ही समजूत तिने मोडली होती. ती फार काळ चालली नाही, याचे मला वाईट वाटते.

तांत्रिक कारणांचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे आणि बॉल-जॉइंटेड बाहुल्यांच्या बाबतीत तो वारंवार पुढे केला जातो. जपानमधील क्योटो येथील व्होल्क्स कंपनीने १९९९ मध्ये 'सुपर डॉल्फी' आणली तेव्हापासून या प्रकाराला वेगळे दिवस आले आणि पुढे कोरिया व चीनमधील अनेक लहान कंपन्या त्यात उतरल्या. या बाहुल्या पॉलियुरेथेन रेझिनच्या असतात. दोन द्रव एकत्र करून, त्यांत रंगद्रव्य मिसळून, ते मिश्रण सिलिकॉनच्या साच्यात ओततात. फिकट रंगासाठी रंगद्रव्य फार थोडे लागते. गडद रंगासाठी ते अधिक घालावे लागते आणि नीट मिसळले नाही तर अंगावर रेषा किंवा ढगांसारखे डाग उमटतात. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर जी बारीक कड राहते ती पॉलिशपेपरने घासून काढावी लागते, आणि गडद रेझिनवर त्या घासण्याचे पांढरट ओरखडे सहज दिसतात. प्रत्येक खेपेची छटा थोडी वेगळी येते, त्यामुळे आज घेतलेले डोके आणि वर्षभराने घेतलेले धड एकमेकांशी जुळत नाहीत. हा फरक गोऱ्या बाहुलीत खपून जातो, सावळ्या बाहुलीत डोळ्यांवर येतो. उन्हाने गोरे रेझिन पिवळे पडते, तर तपकिरी रेझिन फिके पडते किंवा त्यावर हिरवट झाक येते. या सर्व कारणांमुळे बऱ्याच कंपन्या गडद वर्णाची नोंदणी वर्षातून ठरावीक काळातच उघडतात, त्यासाठी जादा रक्कम घेतात आणि 'छटेतील फरकाबद्दल तक्रार स्वीकारली जाणार नाही' अशी अट घालतात.

हे सगळे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. याच कंपन्या राखाडी, निळसर, पुदिन्यासारख्या हिरव्या आणि जांभळ्या वर्णाच्या बाहुल्या हौसेने काढतात. रंगद्रव्य त्यांतही घालावे लागते, ओरखडे त्यांवरही दिसतात आणि छटा त्यांचीही खेपेगणिक बदलते. पऱ्या, राक्षस आणि जलकन्या यांच्यासाठी जी खटपट परवडते, ती कोट्यवधी जिवंत माणसांच्या वर्णासाठी मात्र अवघड ठरते. अशा वेळी अडचण रंगद्रव्यात आहे, हे मानणे मला तरी जड जाते.

तपकिरी रंगात ओतलेली बाहुली म्हणजे सावळी बाहुली, असेही नाही. संग्राह्य बाहुलीची किंमत मोठ्या प्रमाणात तिच्या चेहऱ्याच्या रंगकामावर ठरते, आणि हे रंगकाम करणाऱ्यांचा हात बहुधा गोऱ्या चेहऱ्यावरच बसलेला असतो. गालांवरची फिकट गुलाबी पेस्टल (कोरड्या रंगाची पूड) गडद वर्णावर एक तर दिसत नाही किंवा पिठासारखी दिसते. तेथे विटकरी, मनुकी, गडद तांबूस छटा लागतात आणि त्या थरावर थर देत चढवाव्या लागतात. रंग टिकावा म्हणून जो मॅट फवारा मारतात तो दमट हवेत पांढरट धुके सोडतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हे काम करून पाहिलेल्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. गोऱ्या बाहुलीवर ते धुके कोणाच्या ध्यानातही येत नाही, सावळीचा चेहरा मात्र त्याने राखेसारखा होतो. केसांचेही तेच आहे. सरळ नायलॉनचे केस सर्वत्र मिळतात, परंतु दाट कुरळ्या किंवा बारीक वेण्यांच्या केसांचे टोप शोधावे लागतात. याचा एकत्रित परिणाम असा होतो, की कंपनीच्या जाहिरातीतील गोरी बाहुली देखणी दिसते, तिच्याच शेजारची सावळी निस्तेज दिसते, आणि ग्राहक साहजिकच पहिलीकडे वळतो.

मालिका सुरुवातीपासूनच वेगळ्या रीतीने आखली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. फॅशन डिझायनर जेसन वू यांनी इंटेग्रिटी टॉइज या कंपनीसाठी घडवलेल्या 'फॅशन रॉयल्टी' या प्रौढ संग्राहकांसाठीच्या महागड्या मालिकेत अडेल माकेडा ही कृष्णवर्णीय नायिका आरंभीच्या पात्रांपैकी आहे. तिला स्वतःचा चेहरा आहे, स्वतःची कथा आहे आणि इतरांच्या तोडीचे पोशाख आहेत. तिच्या आवृत्त्यांसाठी संग्राहक धडपडतात. याउलट १९७२ मध्ये केनर कंपनीने काढलेली मूळ ब्लाइथ गोऱ्याच वर्णात आली होती, आणि २००१ पासून टाकारा या जपानी कंपनीने तिचे पुनरुज्जीवन केल्यानंतरही गडद ब्लाइथ अपवादानेच दिसतात.

दुकानदारांचा वाटा वेगळा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात वॉलमार्टच्या एका दुकानात नर्तकीच्या पोशाखातील कृष्णवर्णीय बाहुली तीन डॉलरला आणि तिच्याच जोडीची गोरी बाहुली ५.९३ डॉलरला ठेवलेली आढळली होती. शिल्लक माल काढण्यासाठी किंमत उतरवली, असा खुलासा करण्यात आला. व्यापाराच्या हिशेबाने तो बरोबरही असेल, पण फडताळासमोर उभ्या असलेल्या मुलीला हिशेब दिसत नाही, दोन किमती दिसतात.

आता आपल्याकडचे. साडी, टिकली आणि बांगड्या ल्यालेल्या ज्या जुन्या बार्बी माझ्या संग्रहात आहेत, त्यांपैकी बहुतेकींचा वर्ण आपल्या वधू-वर सूचक जाहिरातींत ज्याला 'गोरी' म्हणतात तोच आहे. पोशाख भारतीय झाला, कातडी तशीच राहिली. याचा दोष केवळ परदेशी कंपन्यांना देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या देशात गोरेपणाच्या एका प्रसिद्ध क्रीमचे नाव बदलायला २०२० साल यावे लागले, त्या देशातील पालक भाचीच्या वाढदिवसाला सावळी बाहुली स्वतःहून उचलत नाहीत, हे दुकानात थोडा वेळ उभे राहिले तरी दिसते. अलीकडे फरक पडतो आहे. २०२३ साठी अमेरिकन गर्ल कंपनीने कवी शर्मा ही न्यू जर्सीत राहणारी भारतीय वंशाची मुलगी वर्षाची बाहुली म्हणून निवडली, आणि २०२४ मध्ये मुंबईच्या अनिता डोंगरे यांनी वेशभूषा केलेली दिवाळी बार्बी संग्राहकांसाठी निघाली. खेळण्यासाठीच्या बार्बीत तर २०१६ मध्येच सात वर्णछटा आल्या होत्या. गंमत अशी, की मुलांच्या हाती मोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या स्वस्त बाहुल्यांमध्ये जी विविधता आज सहज मिळते, ती काचेच्या कपाटात ठेवायच्या महाग बाहुल्यांमध्ये अजून शोधावी लागते.

आपल्याला स्वतःला अशी बाहुली घ्यायची असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. रेझिनची घेणार असाल तर डोके आणि धड एकाच वेळी मागवावे आणि दोन्ही एकाच खेपेतील असतील याची विक्रेत्याकडून लेखी खात्री घ्यावी. कंपनीच्या छायाचित्रावर विसंबू नये; दिवसाच्या साध्या उजेडात काढलेले छायाचित्र मागावे, कारण स्टुडिओतील दिव्यांखाली गडद वर्ण हमखास दोन छटा उजळ दिसतो. गोरी बाहुली घेऊन ती घरी कापडाच्या रंगात गरम पाण्यात बुडवून सावळी करण्याचा उद्योग अनेक जण करतात. तो जमतो, पण उष्णतेने रेझिन वाकू शकते आणि रंग असमान बसू शकतो, म्हणून आधी हाताच्या एखाद्या सुट्या पंजावर प्रयोग करावा. परदेशातून मागवताना सीमाशुल्क मोजून ठेवावे. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले होते, त्यामुळे गडद वर्णासाठी कंपनी घेते ती जादा रक्कमही त्या पटीत वाढते. कमी खर्चात सुरुवात करायची असेल तर जुन्या बाहुल्यांच्या बाजारात शानी मालिकेतील निशेल शोधावी. तिघींमध्ये तिचा वर्ण सर्वांत गडद आहे. घेण्यापूर्वी केसांची मुळे आणि गुडघ्यांचे सांधे तेवढे नीट पाहून घ्यावेत.