फौज मोठी, तरी हार का?

प्रश्न : दादा, 'राइज ऑफ नेशन्स' या संगणकावरच्या लढाईच्या खेळात माझी फौज मोठी असते, तरी हरतो. शहरं वसवण्यात वेळ का घालवायचा? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, भुसावळच्या सायबर कॅफेत शेवभाजीचे पैसे वाचवून मीही हेच केलं. सवय 'एज ऑफ एम्पायर्स २' या दुसऱ्या खेळाची! तिथं टाउन सेंटरातून, म्हणजे गावाच्या मुख्य इमारतीतून, ५० अन्नाला एक गावकरी काढायचा, हल्ला आला की घंटा वाजवून १५ जणांना आत कोंडायचं.

२००३ च्या 'राइज ऑफ नेशन्स'मध्ये मात्र शहराशिवाय पान हलत नाही. एका शहराभोवती शेतं फक्त पाच. (आपल्या तापीकाठच्या माणसाला हे कसं पटावं!) जादा धान्य हवं तर दुसरं शहर वसवा, त्यासाठी आधी ग्रंथालयात नागरी संशोधन करा. शहरासोबत हद्दही पुढं सरकते. शत्रूनं परकी फौज झिजवण्याचं संशोधन केलं असेल, तर त्याच्या हद्दीत रसदगाडीविना गेलेली फौज झिजत जाते. तुमची बहुधा तिथंच विरघळते.

आणि शहर पाडायचं नसतं, घ्यायचं असतं. त्याची ताकद संपली की पायदळ आत घालायचं. मी नुसते घोडे नि तोफा घेऊन गेलो होतो, वेशीवर ताटकळत राहिलो.