दोघंही नोकरी करतो, घर वन-आरके. मुंबईत रोज घरी स्वयंपाक कसा जमवायचा?

तुम्ही लिहिलंय की लग्नाला वर्ष होत आलं, कांदिवलीत वन-आरकेमध्ये दोघंच राहता, दोघांनाही घरी पोचायला साडेआठ होतात आणि आठवड्यातले चार-पाच दिवस जेवण बाहेरून मागवलं जातं. ते पोटालाही सोसत नाहीये आणि खिशालाही. पण ओट्यापाशी उभं राहायची ताकद उरत नाही, तर बाकीचे लोक कसं जमवतात, असं तुम्ही विचारलंय.

मी भांडुपला राहते. माझी नोकरी फोर्टला, नवऱ्याची ठाण्याला. स्वयंपाकाला बाई कधीच नव्हती, आजही नाही. तेव्हा खाली जे सांगतेय ते आमच्या घरात रोज होतं तेच आहे.

खरी अडचण स्वयंपाकाची नसते. साडेआठला दार उघडल्यावर "आज काय करायचं?" असं एकमेकांना विचारायला लागलात की अर्ध्या तासाने हातात फोनच येणार. दमलेल्या माणसाला ठरवता येत नाही, पण ठरलेलं काम हातातून होऊन जातं. म्हणून रात्रीच्या जेवणाची सुरुवात सकाळी घर सोडताना, नाहीतर आदल्या रात्री झोपताना झालेली हवी. काम दोन मिनिटांचं असतं: काहीतरी भिजत घालायचं. एकदा डाळ भिजली की तिचं काहीतरी करावंच लागतं, आणि बाहेरून मागवायचा विषय तिथेच संपतो.

जेवणाचा कणा वरण-भाताचा ठेवा. तूरडाळ सकाळी धुऊन पाण्यात घाला आणि भांडं फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलीत तर मुंबईच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत फेस येऊन आंबूस वास मारेल. घरी आल्यावर हात धुऊन, कपडे बदलायच्याही आधी कुकर चढवायचा. खालच्या डब्यात डाळ, वर तांदूळ, डाळीत हळद, हिंग आणि तेलाचे दोन-चार थेंब, म्हणजे फेस उतू जाऊन शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे पातेल्यात पाऊण तास घेणारी डाळ तीन-चार शिट्ट्यांत मऊ होते. गॅस बंद करा आणि आंघोळीला जा. तुम्ही बाहेर येईपर्यंत वाफ जिरलेली असते.

डाळ नीट शिजत नसेल तर दोन गोष्टी तपासा. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो आधीच घालता का? आंबटामुळे दाणा कडक राहतो, म्हणून ते डाळ शिजल्यावरच घालायचं. आणि सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर जड पाण्यातही डाळ शिजायला वेळ लागतो. अशा वेळी भिजवायला आणि शिजवायला पालिकेचं पाणी बाजूला भरून ठेवा.

शिजलेल्या डाळीचं काय करायचं हे मात्र मनावर ठेवा. एक दिवस साधं वरण, वर तूप आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी गोडा मसाला, गूळ, आमसूल घालून आमटी. कधी मूठभर मेथी, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी नुसती लसणाची चरचरीत फोडणी आणि वरून कोथिंबीर. डाळ तीच असली तरी कंटाळा येत नाही. तांदूळ मात्र बरा घ्या. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. खात्रीच्या दुकानात मिळाला तर जरूर आणा, नुसत्या मीठ-तुपाबरोबरही तो भात जातो.

पोळ्या विकत आणा, आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नका. गिरगाव, दादर, पार्ल्यापासून तुमच्या कांदिवली-बोरिवलीपर्यंत पोळी-भाजी केंद्रं आहेत, आणि बहुतेक वस्त्यांमध्ये घरून पोळ्या लाटून देणारी एखादी बाई असतेच. शेजारी विचारलंत की पत्ता लागेल. दोन शेगड्यांच्या ओट्यावर कणीक मळणं, लाटणं, भाजणं आणि मग पीठ पुसणं यात जो वेळ जातो, तेवढ्यात वरण-भात, भाजी आणि कोशिंबीर होते. आम्ही रात्री भातच जेवतो. येताना आणलेल्या पोळ्या गार झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, त्या सकाळी ऑफिसच्या डब्यात जातात. घरच्या पोळीची चव वेगळी हे खरंच, ती रविवारी करा.

आता कडधान्यांकडे येते, कारण नोकरदार माणसाला मुंबईची हवा कुठे उपयोगी पडत असेल तर ती इथे. मटकी किंवा मूग सकाळी भिजत घालायचे. रात्री पाणी काढून, दोनदा धुऊन, ओल्या सुती फडक्यात बांधायचे आणि पुरचुंडी चाळणीत ठेवून खाली ताटली द्यायची. एप्रिल-मेमध्ये सकाळी उठून गाठ सोडली की पांढरे मोड फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावत असतात. जानेवारीत अजून अर्धा दिवस द्यावा लागतो. पावसाळ्यात तेवढं जपायचं: दमट हवेत पुरचुंडीला हवा मिळाली नाही की दाणे बुळबुळीत होतात आणि वास येतो. तसं झालं तर टाकून द्या, धुऊन वापरू नका. चांगले मोड कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतात. उसळ कढईत झाकण ठेवून पंधरा मिनिटांत होते, कुकर लागतच नाही. कडव्या वालांचं बिरडं मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी काढू नका. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून एकेक सोलायचे असतात, ते दोघांनी समोरासमोर बसून सुट्टीच्या दिवशी करायचं काम आहे. सोललेले वाल बाजारातही मिळतात, पण महाग पडतात.

उसळीला, अंड्याच्या रश्शाला, वांग्या-बटाट्याला, सगळ्याला चालणारं एक वाटण रविवारी करून ठेवा. कांदे उभे चिरून थोड्या तेलावर मंद आचेवर परता, कडा तपकिरी होऊन कांदा आळला पाहिजे. सुकं खोबरं वेगळं भाजा. एकत्र टाकलंत तर कांद्याचं पाणी सुटून खोबरं खमंग होत नाही, आणि आच वाढवली की खोबरं जळून सगळं वाटण कडू होतं. आलं-लसूण शेवटी त्याच कढईत घालून कच्चा वास जाईपर्यंत परतायचं. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा, पाणी अगदी नावापुरतं. मग बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला. घट्ट झालेले चौकोन पिशवीत काढून ठेवायचे. दोघांच्या रश्शाला दोन चौकोन पुरतात.

भाजी आणणं-निवडणं याला वेळ कुठून काढायचा, तर प्रवासातून. संध्याकाळच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात बसायला मिळालं की बायका पिशवी उघडून मटार सोलतात, गवार मोडतात, मेथी निवडतात. तेवढी जागा मिळत नसेल तर स्टेशनबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी पाकिटात मिळते. त्यात माझी निवड ठरलेली आहे: सोललेले मटार, मोडलेली गवार, सोललेला लसूण खुशाल घ्या. चिरलेली पालेभाजी आणि खवलेला नारळ घेऊ नका. दिवसभर गरमीत राहिलेला चिरलेला पाला धुतला की सगळा सत्त्वहीन लगदा होतो आणि नारळ आंबतो.

पावसाच्या सुरुवातीला पालघर, कर्जतकडच्या आदिवासी बायका स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसतात. त्यातला टाकळा सुटला तर पुढच्या वर्षापर्यंत नाही. कोवळी पानं, भरपूर कांदा, हिरवी मिरची, वरून ओलं खोबरं, बस. शेवळं सुट्टीच्या दिवशीच घ्या. ती नीट साफ करून काकडं (एक आंबट रानफळ) किंवा दुसरं काही आंबट घालून शिजवावी लागतात, नाहीतर घसा खाजतो.

मासे खात असाल तर त्याइतका झटपट स्वयंपाक नाही. कोळणीकडून साफ करूनच आणा. बांगड्याला हळद, मीठ, तिखट, चिंचेचा कोळ, ठेचलेला लसूण आणि जेमतेम बुडेल इतकं पाणी, दहा-बारा मिनिटांत तिखलं तयार. मांदेली तर तव्यावर दोन्ही बाजूंनी उलटली की झाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा सोडे, सुकट, सुके बोंबील हाताशी असू द्या. त्यांचा डबा घट्ट झाकणाचा हवा, वन-आरकेमध्ये वास गादी-उशांपर्यंत पोचतो.

उरलेल्या भाताबद्दल कळकळीने सांगते. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी डब्यात नेऊ नका. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि उबदार भातात ते वाढून जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवण झालं की भात पसरट ताटलीत गार करून तासाभरात फ्रिजमध्ये टाका. सकाळी फोडणी देताना वाफ निघेपर्यंत गरम करा.

आणि हे दोघांचं काम आहे. तुमच्या प्रश्नात "बायकोला मी मदत करतो" असं एक वाक्य आहे. मदत म्हटलं की सगळं लक्षात ठेवायचं ओझं एकटीवर राहतं: डाळ संपली का, गॅस कधी नोंदवायचा, दही विरजलं का. आमच्याकडे कुकर, भात, डाळ आणि किराण्याची यादी नवऱ्याची. भाजी, दूध-दही आणि फ्रिज माझा. कोणी कोणाला आठवण करायची नाही. त्याचा तांदूळ संपला तर त्या दिवशी आम्ही पोहे खातो, पण यादी त्याचीच राहते. तुमची वाटणी वेगळी असेल, पण कामं वाटू नका, खाती वाटा.

पहिल्या आठवड्यात हे सगळं करायला जाऊ नका. डाळ भिजवणं आणि विकतच्या पोळ्या एवढंच सुरू करा. मोड आणि वाटण पुढच्या रविवारी. मार्च-एप्रिल आला की एकदा दोघं मिळून लालबागच्या मिरची गल्लीत जा. रंगाला बेडगी, तिखटपणाला संकेश्वरी, बरोबर धणे आणि गरम मसाले घेऊन तिथेच भाजून, कुटून मिळतं. दोघांना वर्षाला एक-दीड किलो मसाला पुष्कळ होतो. पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत दाबून भरा, मध्ये हिंगाचे खडे घाला, आणि रोजच्या वापराचा छोट्या डब्यात वेगळा काढा, म्हणजे जूनच्या हवेत मोठी बरणी सारखी उघडावी लागत नाही.