आजीच्या पत्त्यात रस्ता का नाही?

प्रिय सई,

आजीला पार्सल पाठवायला पत्ता दिला, तर तू लगेच विचारलंस, "बाबा, घराचा नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही, नुसतं दांडी, मालवण. मग पोस्टमनला घर सापडतं कसं?" इथे मेलबर्नमध्ये वाढलेल्या मुलीला हा प्रश्न पडणारच.

अगं, मालवणात माणसाची ओळख वाडीवरून. वाडी आणि आडनाव कळलं की पोस्टमनचं काम झालं. तू तिथे एकटी फिरायला निघालीस की एखादी म्हातारी अडवेलच, "कोणाची गो तू?" तेव्हा आजोबांचं नाव सांगायचं.

वाड्या अशा रस्त्यांवाचून का वसल्या, हे किनाऱ्यावर उभं राहिलं की कळतं. मालवणच्या समुद्रात जागोजाग खडक, बरेचसे पाण्याखाली. वाट माहीत नसलेल्या गलबताचा तळ फुटायचाच. १६६४ साली महाराजांनी समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्यात या खडकांचा मोठा वाटा. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली तो मोरयाचा धोंडा आपल्या दांडीच्याच किनाऱ्यावर आहे. त्याच्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेत.

पण शत्रूला नडणारे खडक जाळ्यालाही फाडतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ते ओढायला तळाशी स्वच्छ वाळूच हवी. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून परत येते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ते किनाऱ्यावर ओढत राहतात. दोर ओला, जड, हात सोलवटून काढणारा. चार-सहा जणांचं ते काम नव्हे. म्हणून जिथे वाळू तिथे रापण, आणि तिच्यामागे माडांत गाबितांची, म्हणजे इथल्या मच्छीमारांची, घरं एकमेकांना खेटून. हाक मारली की माणसं धावत यायला हवीत ना! दांडी, वायरी, तारकर्ली अशीच वसली. पुढे देवबागला तर एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे घर बांधायला दुसरीकडे जागाच नाही. गाडीरस्ता या सगळ्यानंतर आला, घरांमधून वाट काढत.

आता यांत्रिक बोटींपुढे रापणी कमी झाल्यात. जिथे चालतात तिथे मासळीचे वाटे अजून पडतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा. वाट्यावरून भांडणं कशी व्हायची, ते आजीला विचार. कोण कोणाला काय बोललं, सगळं तिला तोंडपाठ आहे.

तुझा,
बाबा