मी तांबडा रस्सा का घेत नाही

तुमचा मुलगा आठवीत. त्यानं विचारलं, "पप्पा, तुम्ही कधी सिगारेट ओढलीय का?" तुम्ही विषय बदललात, आणि वहिनी म्हणतात सरळ "नाही" म्हणून मोकळे व्हा. तसलं एक "नाही" मला महागात पडलंय, म्हणून लिहितोय.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. तालमीच्या कट्ट्यावर बसायला लागलो आणि मावा सुरू झाला. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दोन-तीन पुड्या सहज संपायच्या. अकरा वर्षं. २०१२ ला गुटख्यावर बंदी आली, पण आम्हाला काय फरक? पानपट्टीवर सुपारी, तंबाखू, चुना डोळ्यांसमोर घोटून मिळायचा. सुटला तो भीतीनं. तिखटाचा घास घेतला की तोंडाची आग आग व्हायची. डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली, दोनच गेली. सुपारीनं गालाची आतली बाजू आवळत जाते, आणि एकदा आवळली की पूर्ववत सैल होत नाही.

माझा मुलगा तेव्हा लहान होता. पुढं त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "छे, आपल्याला कसलाच नाद नाही." मग एकदा जोतिबाला जुना दोस्त भेटला. "काय भावा, मावा सोडलास म्हणं? एका मॅचला तीन पुड्या लागायच्या की तुला!" पोरगं शेजारीच उभं, गुलालानं माखलेलं. बोललं काही नाही. पण नंतर महिनाभर, मी काहीही सांगितलं की त्याचं एकच: "खरंच?"

शेवटी रंकाळ्यावर भेळवाल्याला नेहमीसारखं "एक बिनतिखट" सांगितलं आणि तिथंच विषय काढला. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणून तुम्ही पांढराच घेता होय?" घरी मटण असलं की तांबड्या रश्श्याला मी हात लावत नाही. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, आपल्या बापाला तिखट झेपत नाही. कोल्हापुरात याच्यासारखी बेअब्रू नाही, ती मी मुकाट सोसली होती!

तर तुमचं. विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्या: ओढली, कधी, कशी सुटली. अजून सुटली नसेल तर तेही सांगा, वास त्याला केव्हाच कळलेला असतो. कट्ट्यावर रंगवतो तसं मात्र रंगवू नका, पोरं त्यातली मजा तेवढी उचलतात. दोस्तांची नावं घेऊ नका. जुनी प्रेमप्रकरणं त्यानं विचारल्याशिवाय काढूच नका, त्यात दुसऱ्या कुणाचं तरी घर असतं.

"तुम्ही केलं, मग मी का नको?" असं तो म्हणेल. माझाही म्हणाला. मी तीन बोटं तोंडाशी नेऊन दाखवली.

आणि आधी वहिनींशी बोला. तुम्ही "हो" म्हणायचं आणि आतून त्यांनी "नाही रे, चेष्टा करतायत" म्हणायचं, असं नको व्हायला.