पाकीट जोडीदाराच्या नावाचं

२०१० साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांच्या दीड लाख जोडीदारांना टपालाने एक प्रश्नावली धाडली. समलिंगी असल्याचं उघड झालं की सैन्यातून काढायचं, हा १९९३ पासूनचा ‘विचारू नका, सांगू नका’ नियम रद्द झाला तर तुमच्या घरी काय फरक पडेल, हा तिचा विषय. मागच्या लेखात तिचा ओझरता उल्लेख केला आणि प्रश्नांची रीघ लागली. त्यातले काही घेतो.

नोकरी सैनिकाची. मग बायकोला कशाला विचारायचं?

नवऱ्यांनाही विचारलं होतं, तेवढं आधी सांगून ठेवतो. अमेरिकेत १९७३ पासून सक्तीची भरती नाही. करार संपत आला की पुढचा करायचा की नाही, हे सैनिक ठरवतो, आणि तो काही एकटा ठरवत नाही. काही वर्षांनी पुन्हा बदली, मुलांची शाळा नवी, जोडीदाराची नोकरी पहिल्यापासून. ‘आता पुरे’ हे बरेचदा घरातूनच येतं. बारा वर्षं मुरलेला सार्जंट गेला, तर त्याची जागा नवा पोरगा भरती करून भरत नाही. खात्याला ही धास्ती होती.

उत्तरं आली ४४,२६६, म्हणजे जेमतेम तीस टक्के. उरलेल्यांचं काय?

चव्वेचाळीस हजारांचा नमुना संख्येने भरपूर आहे. सैनिकांच्या वेगळ्या पाहणीतही २८ टक्क्यांच्याच आसपास उत्तरं आली होती. खरी काळजी ही, की गप्प कोण राहिलं? सैनिक आघाडीवर गेला की जोडीदार मुलांना घेऊन आईवडिलांकडे राहायला जाते आणि पाकीट तळावरच्या घराच्या पेटीत पडून राहतं. तरुण, कनिष्ठ हुद्द्यांच्या घरांतून उत्तरं कमी येतात, हा तर नेहमीचा अनुभव. त्यावर उपाय म्हणून आलेल्या उत्तरांना भार देतात: ज्या गटातून कमी उत्तरं आली, त्याच्या प्रत्येक उत्तराचं वजन वाढवायचं. पण यादीत हुद्दा, दल, वय असतं म्हणून ते सावरता येतं. विषय बघूनच ज्याने पाकीट फाडलं आणि ‘आपल्याला काय फरक पडतो’ म्हणून ज्याने उघडलंच नाही, त्या दोघांना कुठल्या तराजूत घालणार?

‘शेजारी समलिंगी जोडपं राहायला आलं तर काय कराल?’ असं विचारणं म्हणजेच पूर्वग्रह पेरणं नव्हे का?

बऱ्याच अंशी हो, आणि तेव्हाही हा आक्षेप घेतला गेला होता. ‘काय कराल’ म्हटलं की काहीतरी करायलाच हवं, असं वाटू लागतं. याच साच्यात दुसऱ्या कुठल्या समाजाचं नाव घालून वाक्य मोठ्याने वाचा, म्हणजे कुठे खटकतं ते कळेल.

माझी मोठी तक्रार मात्र ‘तर’ या शब्दाबद्दल आहे. ‘असं झालं तर’चं उत्तर आजची मनःस्थिती सांगतं, उद्याची वागणूक नाही. कॅनडाने १९९२ मध्ये आणि ब्रिटनने २००० मध्ये अशीच बंदी उठवली. त्याआधी तिथे नाराजीचे सूर मोठे होते; प्रत्यक्षात राजीनामे अगदी मोजके आले. अमेरिकेतल्या जोडीदारांपैकी ७४ टक्क्यांनी सांगितलं, की सैनिकाने नोकरीत राहावं की नाही याबद्दलचं आपलं मत या बदलामुळे बदलणार नाही. त्याने लवकर बाहेर पडावं असं वाटेल, म्हणणारे १२ टक्के. मी तर हे १२ सुद्धा हात राखूनच मोजेन.

त्यापेक्षा घडून गेलेलं विचारावं. सैनिकांच्या पाहणीत तसा एक प्रश्न होता: तुमच्या तुकडीत कुणी समलिंगी आहे, असं तुम्हाला कधी वाटलं होतं का, आणि तेव्हा तुकडीचं एकत्र काम कसं चाललं? असा अनुभव असलेल्यांपैकी ९२ टक्के म्हणाले, चांगलं, किंवा निदान वाईट तरी नाही. त्या अहवालातला मला सगळ्यात उपयोगी वाटलेला आकडा हाच.

बहुमत विरोधात गेलं असतं तर नियम तसाच राहिला असता?

हे मतदान नव्हतं. ‘नियम रद्द करावा का?’ हा प्रश्न मुद्दामच घातला नव्हता. १९४० च्या दशकातल्या पाहण्यांत बहुसंख्य गोरे सैनिक कृष्णवर्णीयांसोबत एकाच तुकडीत राहायला तयार नव्हते. तरी १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी समान वागणुकीचा आदेश काढलाच.

समलिंगी सैनिकांच्या जोडीदारांना पाकीट गेलं का?

नाही. १९९६ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या लेखी लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. जोडीदारांची यादी खात्याच्या नोंदींवरून केलेली, आणि या जोडीदाराचं नाव त्या नोंदीत घालायला जावं, तर सैनिकाचीच नोकरी जायची. ज्यांच्या घरी या बदलाने सगळ्यात जास्त फरक पडणार होता, तीच घरं नमुन्याबाहेर राहिली, आणि गैरहजर नावाला भार देण्याची सोय कुठल्याही सूत्रात नाही. समलिंगी सैनिकांना ओळख न देता बोलता यावं म्हणून बाहेरच्या संस्थेमार्फत वेगळी सोय केली होती, पण ती सैनिकांसाठी. नियम २० सप्टेंबर २०११ ला संपला. तरी जोडीदार यादीबाहेरच होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या कायद्यातलं ते कलम रद्द केलं, तेव्हा कुठे त्यांना जोडीदार म्हणून ओळखपत्रं मिळू लागली.