ग्रहणातली काकडी आणि मशेरीची डबी

दर महिन्याच्या ९ तारखेला आमच्या ग्रामीण रुग्णालयात पाय ठेवायला जागा नसते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. आजूबाजूच्या गावांतून आशाताई गरोदर बायकांना घेऊन येतात. मी एचआयव्ही तपासणीच्या खोलीतली समुपदेशक. गरोदरपणात ही तपासणी सगळ्यांचीच होते, त्यामुळे प्रत्येकजण एकदा तरी माझ्या समोरच्या खुर्चीत बसते. दार लोटलेलं असतं, म्हणून बोलतेही.

२०२५ मध्ये ७ सप्टेंबरला, रविवारी रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं आणि मंगळवारी ९ तारीख आली. त्या दिवशी एचआयव्हीबद्दल कुणालाच काही विचारायचं नव्हतं.

ती विशीतली, पहिलटकरीण, पाचवा महिना. नाव देत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. बसल्या बसल्या रडायलाच लागली. "मॅडम, मी ग्रहणात काकडी चिरली. बाळाचा ओठ फाटंल का?"

दुपारच्या जेवणानंतर घरात वेध धरले होते. पाण्याचा घोटसुद्धा नाही. रात्री दहाच्या पुढे डोळ्यांसमोर अंधारी आली, तशी चोरून उठली आणि काकडी चिरून खाल्ली. सकाळी सासूला साली दिसल्या. "आता काय व्हायचं ते होईल," एवढंच ती म्हणाली. दोन रात्री या पोरीचा डोळ्याला डोळा नव्हता.

नोकरीच्या सुरुवातीला मी अशा वेळी हसायचे. काय ग अंधश्रद्धा, वगैरे. समोरची मान हलवायची आणि आतल्या आत मिटून जायची. पुढच्या वेळी घाबरलेली असली तरी गप्प. आता हसत नाही.

तिला सांगितलं, बाळाचा वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळून झालेला असतो. तुझं ग्रहण आलं विसाव्यात. जुळलेला ओठ काकडी चिरल्यानं उसवत नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडली, एवढंच त्या रात्री झालं. तिनं ऐकलं, पण डोळे वाहतच होते. मग म्हटलं, पंचांगातसुद्धा गरोदर बाई, आजारी माणूस, लहान मुलं यांना वेध उशिरा धरायला सांगतात, तुझ्या घरी कुणी वाचलं नाही का? तेव्हा कुठे पदराला नाक पुसलं. सातव्या आठवड्यापेक्षा पंचांग कामी आलं. येऊ दे. तिला झोप लागणं महत्त्वाचं होतं. खरं तर त्या रात्रीत चुकीचं काही असेल, तर ते हिमोग्लोबिन ९.४ असलेल्या बाईनं इतके तास पाण्यावाचून राहणं. काकडी खाल्ली तेच बरं केलं.

डोळे पुसताना तिचा उजवा हात माझ्यासमोर आला. तर्जनीचं टोक तपकिरी, नखाच्या कडेला काळी रेघ.

"मशेरी किती वेळा लावतेस?"

'लावतेस का' असं मी विचारत नाही. तसं विचारलं की उत्तर 'नाही' येतं.

"चार-पाच. आधी दोनदाच लावायची. आता मळमळतं ना, लावली की बरं वाटतं." गेल्या आठवड्यात तिनंच तव्यावर भाजली होती. ज्यांनी मशेरी भाजताना पाहिलीय त्यांना तो ठसका माहीत आहे. सगळी आळी खोकते. ही पाच महिन्यांची पोटुशी तव्यावर वाकून उभी.

तिच्या कार्डावर व्यसनापुढे 'नाही' लिहिलेलं होतं. ती खोटं बोलली नव्हती. 'तंबाखू खाता का' असं विचारलं होतं, आणि मशेरी आपल्याकडे तंबाखूत कुणी धरतच नाही, ती दात घासायची वस्तू. पण भाजून काळी केली तरी तंबाखू ती तंबाखूच. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, रक्तवाहिन्या आवळतात, वारेकडे रक्त कमी पोचतं. मुंबईत सुमारे बाराशे गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. आकडा बारीक वाटतो, पण मुळात अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला तेवढंही जड जातं. दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा, बाळ पोटातच जाण्याचा धोकाही वाढतो. तिला आकडे सांगितले नाहीत. म्हटलं, बाळाकडे जाणारी वाट तू दिवसातून पाचदा आवळतेस.

"पण सकाळी लावल्याबिगर परसाकडला होत न्हाई."

हे खरं आहे आणि यावर 'इच्छाशक्ती हवी' म्हणून भागत नाही. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं: भाजणं आजपासून बंद. आधी दुपारच्या आणि रात्रीच्या खेपा सोडायच्या, तोंडात बडीशेप किंवा लवंग धरायची. सकाळची सगळ्यात शेवटी. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, मिळाला तर पेरू. दात घासायला साधी पेस्ट. डोकं दुखेल, चिडचिड होईल, पहिला आठवडा सगळ्यात वाईट; त्याचा त्रास तुला, बाळाला नाही. निकोटिनचे च्युइंगगम मात्र गरोदरपणात आपल्या मनानं घ्यायचे नाहीत. फारच तल्लफ आली तर १८००-११-२३५६ या मोफत नंबरवर फोन लावायचा.

लोहाची लाल गोळी ती घेत होती, पण चहाबरोबर. चहा लोहाला अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. गोळीनं बाळ काळं होतं का, हाही प्रश्न आलाच. शी काळी होते, बाळ नाही. डॉक्टरांनी दिवसाला दोन गोळ्या केल्या.

सासूबाई बाहेर बाकावर होत्या. त्यांना आत घेतल्याशिवाय हे जमणार नव्हतं, कारण डबी त्यांची.

"मी मशेरी लावूनच चार काढली, काय झालं?"

"चारच मावशी?"

थोडा वेळ त्या पंख्याकडे बघत राहिल्या. "एक सातव्यात पोटातच गेलं." मशेरीनंच गेलं असं मी म्हणाले नाही, ते आज कुणालाच सांगता येणार नाही. मी काहीच बोलले नाही. सुनेनं सासूकडे पाहिलं. तिला हे माहीत नसावं.

९ ऑक्टोबरला ती पुन्हा आली. हिमोग्लोबिन १०.१, मशेरी फक्त सकाळची. दिवाळीला माहेरी गेली तर तिथे आईच्या हातात डबी; पुन्हा तीनवर गेली. ओशाळून सांगत होती. सुटलेलं परत लागणं हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला त्यात नवल वाटत नाही, तिला मात्र वाटलं. पुन्हा दुपारपासून सुरुवात केली. नोव्हेंबर संपता संपता सकाळचीही सुटली. तारीख जानेवारीतली आहे.

सासूबाईंची सुटलेली नाही. पण मोरीतल्या कोनाड्यातली डबी त्यांनी गोठ्यात नेऊन ठेवलीय, आणि लावायला तिकडेच जातात.