वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी २०१४ पासून चिपळूणजवळ शेडमध्ये उभी आहे. वडील आता नाहीत, आणि आईला याच गाडीतून गुहागरला न्यायचंय. गाडी पुन्हा चालू करता येईल का? सुरुवात कुठून करू?

बहुतेक येईल. पण तुमचा सगळा प्रश्न इंजिनाभोवती फिरतोय: ते जाम झालं असेल का, बोअर (सिलिंडर आतून कापून मोठे) करावं लागेल का, गावातला मेकॅनिक म्हणतो तसं नवी बॅटरी टाकून धक्का मारू का, की सरळ मारुतीचं इंजिन बसवू. पत्रा आणि कागदपत्रं यांच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि गाडी वाचणार की नाही हे त्या दोन गोष्टींवर ठरतं. १०८९ सीसीचं ते इंजिन अगदी साधं आहे. त्याचं जे काही बिघडलं असेल ते दुरुस्त होतं.

माझी स्वतःची पद्मिनी १९७९ ची आहे, कोल्हापुरात. ओळखीपाळखीच्यांच्या अशाच उभ्या राहिलेल्या गाड्या चालू करताना बरेच हात काळे करून घेतलेत, त्या जोरावर लिहितो.

सगळ्यात आधी घरच्यांना एक विचारा: जुलै २०२१ च्या पुराचं पाणी शेडमध्ये आलं होतं का? भिंतीवर रेघ दिसते का बघा, दरवाज्यांच्या आतल्या पॅडवर डाग आहेत का बघा. पाणी शिरलं असेल तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल, तिन्हींचे ड्रेन बोल्ट हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते आधी बाहेर येतं. नुसतं पाणी आलं किंवा दुधाळ तेल आलं, तर काहीही फिरवायच्या आधी हेड आणि खालचं तेलाचं चेंबर उतरवावं लागणार हे धरून चला. पाणी आलंच नसेल तर तुम्ही अर्धी लढाई जिंकलेली आहे.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे दरवाज्याखालचे सिल, जमिनीचा पत्रा, मागचे पाटे जिथे बॉडीला धरतात ती जागा आणि पुढच्या सस्पेन्शनची बैठक, या ठिकाणचा गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही. मॅटिंग उचला, डिकीतून स्टेपनी काढा, आणि जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. निबर आवाज आला तर ठीक, भुसभुशीत आवाज आला तर टोकाने दाबून बघा. आरपार गेला तर जाऊ दे, तिथला पत्रा आधीच गेलेला होता. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीवरून फिरवलं की जिथे धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे हे कळतं. कोकणातल्या गाडीत दरवाज्याची खालची कड हमखास जाते, कारण पाणी निघायची भोकं मातीने बुजतात. ते काम सोपं आहे. खरी परीक्षा वेगळी: गाडी एका बाजूने जॅकवर घ्या आणि त्या बाजूचा दरवाजा उघडून परत लावा. जमिनीवर नीट लागणारा दरवाजा आता अडकत असेल किंवा फट बदललेली दिसत असेल, तर बॉडी वाकते आहे. अशा गाडीला आधी चांगला डेंटर (पत्र्याचं काम करणारा) लागतो, जो कुजलेला पत्रा कापून त्याच जाडीचा नवा वेल्ड करेल. वरून पट्टी मारून लांबी लावणारा नको. तसं काम दोन पावसाळ्यांत परत फुगतं आणि मधल्या काळात आतला गंज पसरत राहतो.

रंगाचा विचार सध्या डोक्यातून काढा. मूळ रंग उडालेला असला तरी असू दे. रंग आधी आणि यंत्र नंतर अशा क्रमाने केलेल्या गाड्या मी नव्या कोऱ्या रंगासकट परत शेडमध्ये उभ्या राहिलेल्या पाहिल्यात, कारण पैसे तिथेच संपले.

कागदपत्रांचं असं आहे की खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८६ ची गाडी म्हणजे २००१, २००६, २०११, आणि पुढची तारीख २०१६. तेव्हा गाडी उभी होती, म्हणजे नोंदणी बहुधा तेव्हापासून संपलेली आहे. वडील आता नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा वारस म्हणून नाव लावायला फॉर्म ३१, आणि नूतनीकरणाला फॉर्म २५. जुनं पुस्तकी आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) असेल तर तुमची गाडी ऑनलाइन वाहन प्रणालीत दिसते का ते आधी तपासा. नसेल तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) करून घ्यावी लागते, आणि तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालंय. त्यावर उशिराचं शुल्क महिन्याच्या हिशोबाने, शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, विमा आणि नवी एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरपाटी. गाडीवरचा एंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी जुळतो का, हे आजच विजेरी घेऊन बघून या.

कोणीतरी तुम्हाला 'विंटेजमध्ये टाका' म्हणेल. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात, म्हणजे तुमच्या गाडीला २०३६ उजाडेल. शिवाय विंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. तुम्हाला आईला घेऊन गुहागरला जायचंय, तेव्हा तो मार्ग तुमचा नाही.

मारुतीच्या इंजिनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. आरसीवरचा इंजिन नंबर बदलतो, त्याच्या परवानगीचं झंझट वेगळं, माउंटिंगसाठी बॉडी कापाकापी होते आणि शेवटी हातात जे उरतं त्याचे पार्ट कुठलाच मेकॅनिक ओळखत नाही.

आता त्या धक्क्याबद्दल. एवढी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा थर राहिलेला नसतो. पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह गाईडमध्ये अडकलेला असतो. अशात सेल्फ मारला किंवा दुसऱ्या गिअरमध्ये ओढली तर रिंग तुटते किंवा पुशरॉड वाकतो. वर ब्रेक नसलेली गाडी कोकणातल्या उतारावर ढकलणं हा वेगळाच प्रकार. म्हणून मी ब्रेक आधी करतो. गाडी चार स्टँडवर घ्या (जॅकवर नव्हे, लाकडी ठोकळे चालतील, विटा चालणार नाहीत) आणि चारही ड्रम उतरवा. लायनर ड्रमला चिकटलेले असतील तर ड्रमवर कडेने हलक्या हाताने हातोडी, घाई नाही. मास्टर सिलिंडर आणि चाकांवरचे सिलिंडर खोलून सगळी रबरं बदला, ती बाहेरून चांगली दिसली तरीही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे सिलिंडरच्या आत खड्डे पडलेले असतात. बारीक असतील तर घासून जातात, खोल असतील तर स्लीव्ह टाकावी लागते किंवा नवा सिलिंडर. रबरी होस पाइप तर न विचारता बदला. ते आतून फुगतात, मग पेडल सोडलं तरी चाक धरून ठेवलेलं राहतं. जुन्या पद्मिनीत ब्रेकचं सर्किट एकच असतं, एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. इथे पैसे वाचवू नका.

पेट्रोलची टाकी काढून रिकामी करा. जुन्या पेट्रोलचा वास एकदा घेतला की विसरत नाही, रंगाच्या दुकानासारखा. तळाशी तपकिरी चिकट थर असतो, तो पुढे गेला की पंप आणि कार्बोरेटर दोन्ही बसतात. टाकी रेडिएटरवाल्याकडून धुऊन घ्या, पण टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ज्याला ते काम येतं त्यालाच द्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, आत वाफ असते. आणि तुमच्या वडिलांनी २०१४ मध्ये भरलेलं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल वेगळं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. ते जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा मऊ करून टाकतं, आणि पाणी धरून ठेवतं म्हणून टाकीला गंज लवकर येतो. नळ्या इथेनॉल चालणाऱ्याच घ्या, पंपाचं किट नवं टाका. कार्बोरेटर खोला, जेट क्लीनरने आणि हवेने साफ करा. तार घालू नका. पितळी जेटचं भोक केसाएवढं जरी मोठं झालं तरी गाडी कायम काळा धूर टाकत राहते.

इंजिनाकडे आता. चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल अर्धं-अर्धं ओता आणि काही दिवस विसरून जा. एअर क्लीनर उघडून बघा, उंदरांनी घर केलेलं असतं. तेवढ्यात वायरिंगही तपासून घ्या, कुरतडलेली जागा टेपने झाकायची नाही, वायर बदलायची. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने हलवून बघा, आधी थोडं मागे, मग पुढे. हललं तर टॅपेट कव्हर काढा आणि पूर्ण फेरे मारत आठही व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते डोळ्याने बघा. नाही हललं तर परत तेल, परत थांबणं. लांब दांडी लावून जोर करू नका. तरीही नाही आलं तर हेड उतरवायचं. हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि लोकांनी वर्षानुवर्षं नळाचं साधं पाणी घातलेलं असतं, त्यामुळे पाण्याच्या वाटा खाल्लेल्या असतात. उतरवलंच तर प्लेनिंग करून, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करूनच बसवा. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, ड्रम टर्निंग ही कामं आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात डोळे मिटून देता येतात. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून ब्लॉक इथे आणणं तुम्हाला जड नाही.

इंजिन मोकळं झालं की जुनं ऑइल काढून नवं भरा, फिल्टर बदला. प्लग न लावता सेल्फ थोडा थोडा मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. या पायरीला कोणी वेळ देत नाही, आणि बेअरिंग वाचतात ती हिच्यामुळेच. डिलकोचे (डिस्ट्रिब्यूटरचे) पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून गॅप लावा, कंडेन्सर नवा टाका, स्पार्क निळा येतो का बघा. मग प्लग, आणि पेट्रोल टाकीतून घ्यायचं नाही. बाटलीत ताजं पेट्रोल घेऊन तिची नळी पंपाला जोडा, बाटली इंजिनापासून लांब, जवळ आग विझवायचं सिलिंडर. सुरू झाल्यावर आधी ढगभर निळा धूर येईल, ते तुम्हीच ओतलेलं तेल जळतंय. थोड्या वेळाने कमी झाला नाही तर रिंगांचा विचार करायचा. डोळा तापमानाच्या काट्यावर ठेवा. रेडिएटर आणि कोअर प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) पहिल्याच दिवशी आपला खरा रंग दाखवतात. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणं साधारण आहे, बऱ्याचदा इंजिन गरम झाल्यावर पेडल दाबून धरलं की सुटते.

टायर दिसायला कितीही चांगले असोत, फेकून द्या. २०१४ च्या आधीचं रबर आहे ते.

पार्टची चिंता तुम्हाला वाटते तेवढी नाही, आणि त्याचं श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला. कुर्ल्याच्या कारखान्यातलं उत्पादन २००० च्या सुमाराला थांबलं, पण शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि ती वीस वर्षं, ऑक्टोबर २०२३ पर्यंत, चालली. तोवर पार्टचा बाजार जिवंत राहिला. ब्रेकची किटं, क्लच प्लेट, पॉइंट, पॅकिंग सेट अजून मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांत आणि पुण्यात नाना पेठेत विचारलं तर मिळतात. मिळत नाहीत त्या वरवरच्या वस्तू: मूळ काचा, क्रोमच्या पट्ट्या, मागच्या लाइटच्या काचा, डॅशबोर्ड, स्टिअरिंगजवळच्या गिअर दांडीचे बुश. म्हणून डेंटरला बजावून सांगा, गाडीवरून निघालेली एकही वस्तू भंगारात जाता कामा नये, वाकलेला बंपरसुद्धा. तो सरळ करून परत क्रोम करता येतो, नवा मिळणार नाही. आणि वयस्कर टॅक्सी मेकॅनिक कुठे भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. कार्बोरेटर कानाने लावणारी ती माणसं आता कमी झालीत.

नोंदणी आणि विमा होईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवू नका, न्यायची असेल तर फ्लॅटबेडवर चढवून न्या. नंतर पहिल्या दोनशे किलोमीटरला ऑइल परत बदला, आतली सगळी घाण त्यात उतरलेली असते. आणि पावसाळ्यात महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, हँडब्रेक न लावता चाकांना ठोकळे लावा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.